अण्णांचं अडेनियम : डब्यातून कुंडीत, फेब्रुवारी ते डिसेंबरच्या नोंदी

१८ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी गच्चीवर गेलो आणि ठरवलंच की यंदा हे झाड डब्यातून काढायचं. अण्णांनी (वडिलांनी) लावलेलं अडेनियम आहे हे, पंधरा वर्षं तरी झाली असतील, तुपाच्या पंधरा किलोच्या पत्र्याच्या डब्यात. अमळनेरात असे डबे पूर्वी घरोघरी दिसायचे, गावात वनस्पती तुपाचा कारखानाच चाळीसच्या दशकापासूनचा, त्यामुळे तुळस काय नि गुलाब काय, सगळं डब्यातच लावलेलं असायचं. आता हा डबा तळाशी पार गंजलाय, एका कोपऱ्यातून पत्रा फुगून बाहेर आलाय आणि झाड एका अंगाला कललंय. मागच्या वर्षी फुलं मोजून अकरा आली, आधी पन्नास-पन्नास यायची.

बुंधा दाबून पाहिला. अडेनियमची तब्येत बघायची पहिली जागा हीच. अंगठ्याने दाबलं की टणक लागायला पाहिजे, कच्च्या बटाट्यासारखं. वरचा भाग ठीक आहे पण मातीला टेकलेल्या जागी जरा दबतंय, आणि तेच बघून पोटात गोळा आला.

कारण मला माहितीये. डब्यात निम्मी काळी माती आणि निम्मं शेणखत आहे, ज्या नर्सरीतून आणलं तिथल्या माणसाने तेव्हा असंच सांगितलं होतं. आपली काळी माती कापसाला सोनं, पण ती पाणी धरून फुगते नि दिवसेंदिवस सोडत नाही. आणि हे झाड मूळचं आफ्रिकेतलं, सहाराच्या खालच्या कोरड्या पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं, नावसुद्धा येमेनच्या एडनवरून पडलेलं. ते बुंध्यात पाणी साठवून ठेवतं, त्याच्या मुळांना ओल कमी नि हवा जास्त लागते. त्यात आई रोज सकाळी तांब्याभर पाणी घालते. अण्णा गेल्यापासून एक दिवस चुकवलेला नाही तिने. तिला काय बोलणार.

आजपासून पाणी बंद. आठवडाभर माती कोरडी झाली की गोळा सहज सुटतो आणि मुळं कमी तुटतात.

आईला सांगितलं तर अहिराणीत म्हणाली, "मरी जाई ना ते, बापू." म्हटलं नाही मरणार, पंधरा दिवस माझ्यावर सोड.

२५ फेब्रुवारी

सामान जमवण्यात रविवार गेला. कुंडी घेतली १४ इंच रुंद आणि ६ इंच खोल, मातीची, तळाला तीन भोकं होती ती कानसने घासून मोठी करून घेतली. उथळ घेतली कारण खोल कुंडीत खालची माती ओली राहते नि मुळं तिथवर जातही नाहीत. मातीची यासाठी की आपल्याकडच्या उन्हात प्लॅस्टिक दोन वर्षांत तडकतं, आणि मातीच्या कुंडीच्या अंगातून पण ओल उडून जाते.

मिश्रणासाठी गावाबाहेरच्या वीटभट्टीवरून तुटक्या विटा आणल्या, पोतंभर तशाच दिल्या त्यांनी. हातोडीने फोडून हरभऱ्याच्या दाण्यापासून बोरापर्यंतचे तुकडे केले आणि मग चाळणीने चाळून बारीक भुकटी सगळी बाजूला काढली. ही भुकटी काढणं फार महत्त्वाचं आहे, आळस केला तर तीच खाली बसून चिखल होते नि सगळी मेहनत वाया. जाड वाळू घरी बांधकामाची उरलेली होती, ती तीनदा धुतली, पाणी नितळ येईपर्यंत.

प्रमाण : चार घमेली विटांचे तुकडे, तीन घमेली जाड वाळू, दोन घमेली जुनं कुजलेलं शेणखत (चांगलं दोन वर्षांचं, वास न येणारं), एक घमेलं कोकोपीट, वर दोन मुठी निंबोळी पेंड आणि थोडा लाकडी कोळसा ठेचून. मिश्रण मुठीत ओलं करून दाबलं आणि मूठ उघडली तर लगेच सुटून पडलं. लाडू वळला असता तर विटा अजून टाकल्या असत्या.

३ मार्च, रविवार

आज काढलं. सकाळी सात ते साडेअकरा, पाठ धरली पण समाधान आहे.

सगळ्यात आधी बुंध्याच्या दक्षिणेकडच्या अंगाला खडूने खूण केली. झाडाची जी बाजू वर्षानुवर्षं उन्हाला आहे तीच परत उन्हाकडे ठेवायची, फिरवली तर सावलीतली कोवळी साल भाजते. मार्चचं ऊन आहे, गंमत नाही.

डबा उलटा करून काही निघेना. मुळांनी आतून पत्रा असा धरला होता की कोपऱ्यातला फुगा मातीने आलेला नव्हताच, मनगटाएवढं मूळ पत्र्याला रेटत होतं. शेवटी ओळखीच्या पत्रेवाल्याकडून कात्री आणली. आई खाली पायरीवर बसून बघत होती, म्हणाली डबा कापू नको, अण्णांचा आहे. मग एकच शिवण कापली, वरपासून खालपर्यंत, आणि तळ सोडवला. पुस्तक उघडावं तसा पत्रा उघडला आणि चौकोनी गोळा उभा राहिला, डब्याचाच आकार, बाहेरून सगळी मुळंच मुळं गुंडाळलेली.

लाकडी काडीने माती मोकळी करत गेलो. वरचा थर कोरडा भेगाळलेला आणि खाली चार बोटांवर अजून ओलीच, पंधरा दिवस पाणी नसताना! हात घातला तर गारवा लागला. तिथेच सडकं सापडलं. एक जाड मूळ, करंगळीच्या दुप्पट, दाबलं तर बोटात लगदा आला आणि आंबूस वास. साल हातात सुटून आली, आत तपकिरी दोरे.

चाकू स्पिरिटने पुसून कापत गेलो. पहिला काप तपकिरी. अजून एक इंच वर, मधे तपकिरी ठिपका. अजून वर, तिसऱ्या कापाला स्वच्छ पांढरं आलं, काकडी कापल्यासारखं, कडेने थेंब थेंब चीक. तिथे थांबलो. जोवर एक जरी तपकिरी ठिपका दिसतो तोवर कापायचंच, दया दाखवली की तो ठिपका बुंध्यात चढतो नि मग सगळंच जातं. दर कापाला चाकू परत पुसला. असं तीन मुळांचं करावं लागलं, सुदैवाने बुंध्यापर्यंत काही गेलेलं नाही, दबत होतं ते त्या मुळांच्या तोंडाशीच होतं.

हातमोजे घातले होते आणि भाच्यांना गच्चीवर येऊच दिलं नाही. हे झाड कण्हेरीच्या कुळातलं, चीक विषारी. आफ्रिकेत याच चिकाने बाणांची टोकं माखून शिकार करायचे लोक. डोळ्याला हात लागला तर त्रास, पोटात गेलं तर फारच वाईट. घरात लहान पोरं, गाय, शेळी असेल तर कापलेल्या फांद्या तशाच उकिरड्यावर टाकू नका.

बारीक केसाळ मुळं निम्मी छाटली, खाली सरळ गेलेलं जाड मूळ आखूड केलं आणि बाजूला पसरलेली पाच चांगली मुळं ठेवली. मग नळाखाली धुतलं आणि पहिल्यांदाच नीट दिसलं की अण्णांचं झाड आहे तरी केवढं. इतकी वर्षं मातीवर नारळाएवढा बुंधा दिसायचा, खाली तेवढंच अजून होतं. शिंप्याच्या टेपने घेर मोजला, ४१ सेंटिमीटर. एकमेकांत गुंतलेल्या मुळांचा आकार असा की दोन पायांवर बसलेलं काहीतरी वाटावं. आईने चष्मा लावून बघितलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

फांद्या पण छाटल्या, सगळ्या आठ इंचांवर. फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला, त्यामुळे छाटल्याशिवाय झाड लांबच लांब सुटतं आणि टोकाला चार फुलं. कापांवर बुरशीनाशकाची पावडर लावली (मॅन्कोझेब आणि कार्बेन्डाझिमवाली, शेतीच्या औषधांच्या दुकानात मिळते तीच). खाली साठवणीच्या खोलीत खाटेवर गोणपाट टाकून आडवं ठेवलं.

५ मार्च

कापांवर कातडं धरायला लागलंय. आई दोनदा खोलीत जाऊन आली. "आते तरी पानी दे रे." म्हटलं आता दिलं तर ज्या जखमा सुकतायत त्यातूनच पाणी आत जाऊन सडेल. तिला आजारी माणसाला उपाशी ठेवल्यासारखं वाटतंय, चेहऱ्यावरून कळतं.

१० मार्च, रविवार

सात दिवस झाले, सगळे काप कोरडे टणक, नख लावलं तर टक् आवाज येतो. आज लावलं.

भोकांवर जाळीचे तुकडे, वर मोठ्या विटांचा एक थर, मग मिश्रणाचा ढीग मधोमध उंच करून त्याच्यावर झाड बसवलं, मुळं चारी बाजूंनी उतारावर पसरून. आधीपेक्षा दोन इंच वर घेतलं म्हणजे मुळांचा वरचा भाग आता उघडा दिसतो. सगळं एकदम वर काढायचा मोह होत होता, पण दर दोन-तीन वर्षांनी बदलताना इंच-दोन इंच असंच करत जायचं असतं. मिश्रण भरताना काडीने हलकं कोचत गेलो, पोकळी राहू नये म्हणून. झाड हलत होतं, म्हणून सुतळीने कुंडीला दोन आडवे बांध दिले, हलत राहिलं की नवी मुळं धरत नाहीत. खडूची खूण दक्षिणेला.

जागा : जिन्याच्या खोलीच्या पूर्वेला, वर हिरवी नेट. वर्षानुवर्षं मातीखाली असलेली मुळं एकदम उन्हात आली तर भाजतात, पांढुरका डाग पडतो आणि तो जात नाही.

पाणी दिलं नाही. आईने विचारलंसुद्धा नाही आज.

१७ मार्च

पहिलं पाणी. भरपूर दिलं, खालच्या भोकांतून धार लागेपर्यंत, आणि ती धार लगेच लागली, वरून ओतलं की खालून हजर. थोडं थोडं शिंपडण्यात काही अर्थ नाही, एकदा पोटभर द्यायचं आणि मग पूर्ण कोरडं होईपर्यंत विसरायचं. कोरडं कळायला कडेला झाडूची काडी खुपसून ठेवलीये, काढून गालाला लावायची, गार लागली तर ओल आहे.

२५ मार्च, धुळवड

कुंडीला दिवसभर गोणपाट पांघरून ठेवलं, गच्चीवर पोरांची रंगपाण्याची लढाई. फांद्यांवरचे डोळे फुगलेत का बघायला संध्याकाळी काढलं. दोन जागी हिरवा ठिपका, मोहरीएवढा!

९ एप्रिल, पाडवा

मोजले, सतरा फुटवे. प्रत्येक फांदीला दोन-तीन. आतल्या बाजूला तोंड असलेले चार खुडून टाकले, झाड मधून मोकळं राहावं म्हणून. सुतळी अजून सोडली नाही. बुंधा जरा सुरकुतलाय पण टणक आहे, याची काळजी नाही, नवी मुळं चालू झाली की भरेल. सुरकुतलेला नि टणक म्हणजे तहानलेला, सुरकुतलेला नि मऊ म्हणजे सडलेला, हा फरक हातानेच कळतो. आईचा अंगठा धरून दोन्ही दाखवले, मऊ काय ते कळावं म्हणून पिकलेलं टमाटं आणलं. "हाई तं दगडना मायक टनक शे," म्हणाली, म्हणजे दगडासारखं टणक आहे.

२ मे

४४ अंश. दुपारी गच्चीची फरशी अनवाणी पायाला सहन होत नाही. एवढ्या उन्हात अडेनियम खुश असतं असं लोक म्हणतात आणि ते झाडाच्या बाबतीत खरंही आहे, पण जमिनीतलं झाड वेगळं आणि कुंडीतलं वेगळं. कुंडी तापली की आत मुळं शिजतात. म्हणून कुंडी दोन विटांवर ठेवली, खालून हवा जावी म्हणून, आणि कुंडीच्याच अंगाला ओलं नसलेलं गोणपाट गुंडाळलं. नेट दुपारपुरती, सकाळचं अकरापर्यंतचं ऊन पूर्ण. पाणी आता एक दिवसाआड, सूर्य मावळल्यावर. दुपारी नळाला उकळतं पाणी येतं, ते झाडाला घालू नये.

पानांवर बारीक पिवळे ठिपके दिसले, मागे बोट फिरवलं तर लालसर धूळ. लाल कोळी. कोरड्या उन्हात येतोच. सलग चार संध्याकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारला आणि मग निंबोळी तेल, तेही ऊन गेल्यावरच, नाहीतर पान करपतं.

१० मे, अखाजी (अक्षय्य तृतीया)

बहीण माई धुळ्याहून आली माहेरी, अंगणातल्या निंबाला झोका बांधला, घरात सांजोऱ्यांचा घाणा चालू, आणि सकाळी वर गेलो तर पहिलं फूल उघडलेलं! कडा गडद गुलाबी आणि मधे फिकट होत होत पिवळसर घसा. अजून नऊ कळ्या. माईने जिना चढून बघितलं आणि रडली. अण्णा असते तर त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला वर बोलावलं असतं, हे आम्ही दोघांनी एकाच वेळी म्हटलं.

तिला फांदी पाहिजे होती. छाटलेली फांदी लागते, पण फांदीपासून वाढलेल्या झाडाला असा भरदार बुंधा सहसा येत नाही, तो बीपासून येतो. म्हटलं शेंग धरली तर बी देतो. या फुलाची रचना अशी की परागकण नळीत खोल लपलेले, हाताने परागीकरण करणं भारी किचकट काम, त्यामुळे किड्यांच्या भरवशावर सोडलं.

२० जून

पाऊस लागला. कुंडी पत्र्याच्या शेडखाली घेतली, सकाळचं ऊन मिळेल अशी. पावसाळ्यात मिश्रण चांगलं असलं तरी आठ-आठ दिवसांच्या झडीत ठेवायची हिंमत नाही. महिन्यातून एकदा मूठभर बोनमील आणि चिमूटभर पोटॅश चालू केलंय, युरिया अजिबात नाही, नायट्रोजनने नुसत्या लांबच लांब फांद्या सुटतात नि बुंधा पोसत नाही.

सुतळी सोडली. हलवून बघितलं, हलत नाही.

आणि हो, शेंग धरलीये! बैलाच्या शिंगांसारखी जोडी, अजून करंगळीएवढी.

११ ऑगस्ट, रविवार

आज घरात कानबाई बसली, आमच्या खानदेशातली देवी. सकाळी रोटांच्या गडबडीत आईने वरून हाक मारली, "पानं कोन खाई गयं?" रात्रीत एका फांदीची पानं सफाचट. शोधलं तर खाली काळ्या गोळ्यांसारखी विष्ठा आणि वर बोटाएवढी जाड हिरवी अळी, शेपटीला छोटं पिवळसर शिंग. हात लावला तसं तिने डोकं खाली ओढलं आणि मागून दोन निळे-पांढरे डोळे वटारल्यासारखे वर आले. ते खरे डोळे नाहीत, नुसती खूण आहे, पाखराला घाबरवायला. कण्हेरीवरची अळी ही, हिचा पुढे हिरव्या संगमरवरी नक्षीचा मोठा पतंग होतो, इतका देखणा की मारायला हात होईना. जो चीक आपल्याला विष तो हिला अन्न. आणि सणाच्या दिवशी तर नकोच. पानासकट उचलून मागच्या कंपाउंडच्या कण्हेरीवर नेऊन सोडली. झाड मोठं असेल तर एक-दोन अळ्यांनी काही बिघडत नाही, पानं पंधरा दिवसांत परत येतात, पण लहान रोपावर असेल तर लगेच काढा.

८ सप्टेंबर

पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस, पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन एकेक पुसला. शेंगा तपकिरी व्हायला लागल्या म्हणून दोन्हींना जुन्या मलमलीच्या फडक्याने सैल बांधलं. बांधलं नाही तर शेंग तडकते आणि बी उडून जातं, प्रत्येक बीला दोन्ही टोकांना रेशमी झुपका असतो, वारा लागला की गेलं बोरी नदीपलीकडे.

६ ऑक्टोबर

शेंगा तडकल्या, फडक्यात सगळं बी मिळालं. १२६, आईने परातीत मोजलं. ताजं बी सगळ्यात चांगलं उगवतं, ठेवून ठेवून कमी होत जातं, म्हणून आजच पेरलं. मिश्रण तेच पण विटा बारीक आणि कोकोपीट दुप्पट. बी आडवं ठेवून वरून पाव इंच वाळू. फुलाचा रंग मूळ झाडासारखाच येईल याची खात्री नसते बीवाल्या रोपांना, माईला तसं सांगितलंय.

१० ऑक्टोबर

चौथ्या दिवशी उगवली. हिरवे ठोंबे मान काढून, डोक्यावर बीची टोपी घेऊन. देठ आत्तापासूनच खाली फुगलेलं.

१० नोव्हेंबर

९१ जगली. काही बुरशीने आडवी पडली, आठवडाभर आभाळ होतं आणि मी पाणी तेवढंच ठेवलं, ती चूक. मोठ्या झाडाला जे आईला शिकवलं ते रोपांना मीच विसरलो.

२२ डिसेंबर, रविवार

थंडी चांगली पडलीये, पहाटे पारा १० च्या आसपास. मोठ्या झाडाची पानं पिवळी होऊन गळतायत, निम्मी गेली. हे दुखणं नाही, झोप आहे. पाणी वीस दिवसांतून एकदा, तेही थोडं, आणि खत पूर्ण बंद. पुढचं भरपूर पाणी फेब्रुवारीत, डोळे फुगायला लागल्यावर. बुंध्याचा घेर परत मोजला, ४३ सेंटिमीटर.

रोपांना मात्र झोपवायचं नाहीये, ती फार लहान आहेत, उबेत राहिली तर चालू राहतील. पण गच्चीवर उत्तरेकडून गार वारा सरळ येतो. संध्याकाळी वर गेलो तर आईने अण्णांचा तो कापलेला डबा आणून ट्रेच्या मागे उभा केला होता, तीन बाजूंनी पत्रा आणि दक्षिणेकडे तोंड उघडं. दिवसभर उन्हाने पत्रा तापतो आणि रात्रीचा वारा अडतो. शेजारी तिचा तांब्या होता, भरलेला. तिने झाडूची काडी मातीतून काढली, गालाला लावली, आणि तांब्या तसाच उचलून तुळशीला नेला.

माईसाठी बारा रोपं वेगळी काढून ठेवलीत. संक्रांतीनंतर धुळ्याला घेऊन जाईन, एसटीत मांडीवर.